फेअरफोनचे स्क्रू आणि पिक्सेलचं कुलूप

बॅटरी घरच्या घरी बदलता यावी आणि त्याच फोनवर ग्राफीनओएस, म्हणजे अँड्रॉइडवर बेतलेली पण सुरक्षा आणि खासगीपणा कडक केलेली सिस्टिम चालावी, ही मागणी रास्त आहे. तसा फोन मात्र सध्या दुकानात मिळत नाही. ग्राफीनओएस चालते ती गुगलच्या पिक्सेलवर, आणि पिक्सेल गोंदाने बंद केलेला असतो. उघडायला सोपा म्हणून ज्याचं नाव पहिलं घेतलं जातं तो फेअरफोन, आणि त्यावर ग्राफीनओएसवाले यायला तयार नाहीत. मग माणूस यातला एक घेतो आणि दुसऱ्याची हळहळ करत बसतो. घेण्याआधी हिशेब नीट मांडलेला बरा. अडचण कुठे येते हे पाहिलं की हळहळ निम्मी कमी होते.

आधी हार्डवेअर. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीचा २०२३ चा फेअरफोन ५ घ्या. पाठीचं झाकण नखाने उचकटतं, आत ४२०० एमएएचची बॅटरी असते आणि ती बोटाने उचलून काढायची. पुढचं सगळं काम एका फिलिप्स डबल-झिरो स्क्रूड्रायव्हरवर होतं. आपल्याकडचे रिपेअरिंगवाले ज्याला फोल्डर म्हणतात तो डिस्प्ले सुमारे १०० युरोला, बॅटरी सुमारे ४० ला आणि यूएसबी पोर्टचं मोड्यूल सुमारे २० युरोला कंपनीच विकते. पहिल्यांदा हात घालणाऱ्यालाही फोल्डर बदलायला अर्धा तास पुरतो. फिंगरप्रिंट सेन्सर बाजूच्या पॉवर बटणात असल्यामुळे स्क्रीन बदलली तरी बोटाच्या ठशाला धक्का लागत नाही. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढे तिचं महत्त्व कळेल.

२०२५ च्या सहाव्या पिढीत हे थोडं बदललं. बॅटरी ४४१५ एमएएचची झाली, पण आता झाकणालाही स्क्रू आहेत आणि बॅटरीही स्क्रूने बसवलेली आहे. टॉर्क्स टी५ चा स्क्रूड्रायव्हर लागतो. प्रवासात जादा बॅटरी खिशात ठेवून रस्त्यात बदलायची सवय असलेल्यांना हे खटकलं, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र काही बिघडलेलं नाही.

आता पिक्सेल ८ए. बॅटरी बदलायची तर आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणायचा, कारण भरलेल्या लिथियम बॅटरीला चुकून टोक लागलं तर पेट घेण्याची भीती जास्त. मग स्क्रीनच्या कडा गरम करायच्या, सक्शन कपने फट पाडायची आणि पिक, म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी, सरकवत गोंद कापत जायचा. पिक दोन-तीन मिलिमीटरच आत जाऊ द्यायची. जास्त गेली की ओलेड पॅनलची कड दुखावते आणि फोन चालू केल्यावर हिरवी किंवा पांढरी उभी रेघ दिसते. बहुतेक घरगुती प्रयत्न इथेच फसतात. बॅटरीच्या कामासाठी उघडलेल्या फोनचा फोल्डर जातो आणि खर्च दुप्पट होतो. स्क्रीन निघाली की मधली चौकट बारीक टॉर्क्सने सोडवायची, बॅटरीचा कनेक्टर आधी सुटा करायचा, मगच बॅटरी ओढायची. परत बसवताना जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून नवी चिकटपट्टी लावायची. एवढं करूनही कंपनीने सांगितलेलं आयपी६७, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडणं सोसण्याची ताकद, पुन्हा मिळेल याची खात्री नाही. अर्थात, फेअरफोन ५ पहिल्या दिवसापासून आयपी५५ च आहे. म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, बुडणं सोसणार नाही. जुलैत स्कूटरच्या डिकीत पाणी साठतं अशा गावात राहणाऱ्याने हा आकडा स्क्रूंच्या संख्येइतकाच गंभीरपणे घ्यावा.

पिक्सेलची स्क्रीन बदलताना आणखी एक पाचर आहे. ८ए चा फिंगरप्रिंट सेन्सर काचेखाली असतो आणि प्रकाशाने ठसा वाचतो. अस्सल पॅनल टाकलं तरी गुगलच्या वेबवरच्या साधनाने, यूएसबी केबल जोडून, सेन्सरचं कॅलिब्रेशन करावं लागतं. आणि बाजारात ‘सेम टू सेम’ म्हणून मिळणारा स्वस्त फोल्डर एलसीडीचा असेल तर सेन्सर कायमचा आंधळा होतो, कारण एलसीडीच्या मागच्या बॅकलाइटच्या थरातून तो प्रकाश आरपार जात नाही. दुकानदाराला ‘ओरिजिनल आहे का’ असं विचारून काही कळत नाही. ‘ओलेड आहे का, आणि बसवल्यावर माझ्यासमोर बोट लावून दाखवणार का’ असं विचारा.

एवढं वाचून फेअरफोनच घ्यावा असं वाटेल. मग ग्राफीनओएसवाले त्याला का नाकारतात?

पहिलं कारण पिनचं. पिक्सेल ६ पासून फोनमध्ये टायटन एम२ नावाची वेगळी सुरक्षा-चिप आहे. पिन चुकला की मोजदाद ती चिप ठेवते, मुख्य प्रोसेसर नाही. पाच चुकांनंतर ३० सेकंद थांबवते, तीसनंतर थांबण्याची वेळ वाढत जाते आणि १४० चुकांनंतर दिवसाला एकच प्रयत्न. सहा आकडी पिनचे १० लाख पर्याय होतात. दिवसाला एक या वेगाने ते संपायला अडीच हजारांहून जास्त वर्षं लागतील. म्हणूनच पिक्सेलवर यादृच्छिक सहा आकडी पिन पुरतो. फेअरफोनमध्ये हे काम मुख्य प्रोसेसरच्याच संरक्षित कप्प्यात चालतं. थांबवणं तिथेही आहे, पण त्या कप्प्यात एखादी फट सापडली की मोजदादच पुसता येते आणि मग सहा आकडे फार काळ टिकत नाहीत. फेअरफोन वापरणाऱ्याने यावर उपाय म्हणून लांब पासवर्ड ठेवावा: अँड्रॉइडच्या १६ अक्षरांच्या मर्यादेत बसेल तेवढा लांब, यादृच्छिक अक्षरांचा आणि आकड्यांचा. रोज टाइप करायला वैताग येतो, म्हणून दिवसा फिंगरप्रिंट आणि फोन हातातून जाण्याची शक्यता असेल तेव्हा बंद करून ठेवणं. बंद करून पुन्हा चालू केलेला फोन पहिल्या वेळी बोट मागत नाही, पासवर्डच मागतो.

दुसरं कारण मेमरीचं. फोनमध्ये दुरून शिरण्याच्या बऱ्याच युक्त्या मेमरीतल्या चुकांवर चालतात. प्रोग्रॅम आपल्या हद्दीबाहेर लिहितो किंवा सोडून दिलेली जागा पुन्हा वापरतो. पिक्सेल ८ पासूनच्या प्रोसेसरमध्ये मेमरी टॅगिंग आहे. मेमरीच्या दर १६ बाइटच्या तुकड्याला ४ बिटांचा शिक्का बसतो, तसाच शिक्का त्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरवरही असतो. शिक्के जुळले नाहीत की प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. ४ बिटांचे सोळाच शिक्के होतात, म्हणजे आंधळा नेम सोळात एकदा लागू शकतो, पण शेजारच्या तुकड्यांना एकच शिक्का मिळणार नाही याची काळजी ग्राफीनओएस घेते. फेअरफोन ५ मध्ये क्वालकॉमची क्यूसीएम६४९० ही औद्योगिक वापरासाठीची चिप आहे. तिच्यातले कॉर्टेक्स-ए७८ गाभे या सोयीच्या आधीच्या पिढीतले. आता गंमत बघा: फेअरफोनने ही चिप निवडलीच मुळी दीर्घायुष्यासाठी. साध्या मोबाइल चिपपेक्षा औद्योगिक चिपला क्वालकॉम जास्त वर्षं सांभाळते, म्हणून २०३१ पर्यंत अपडेट देण्याचं वचन शक्य झालं. दीर्घायुष्यासाठी घेतलेल्या निर्णयाने आधुनिक संरक्षण गेलं. स्क्रू आणि गोंद यांचा या भागाशी काही संबंध नाही. मोठ्या कंपनीला स्वतःची सुरक्षा-चिप बनवणं परवडतं, छोट्या कंपनीला परवडत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात कमी क्षम्य वाटतं. फोन सुरू होताना बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, पाहतो की सिस्टिमवर विश्वासू किल्लीची सही आहे का. फेअरफोन ३ आणि ४ च्या बूटलोडरला अँड्रॉइडच्या सोर्सकोडसोबत सगळ्यांना मिळणारी चाचणीची किल्ली चालत होती. म्हणजे कुलूप अस्सल, पण त्याची किल्ली सार्वजनिक ठिकाणी टांगलेली. यात चिपची किंमत आड येत नव्हती, पैसेही वाचत नव्हते. निव्वळ हलगर्जी.

आता अपडेटची तारीख, कारण दुरुस्ती-प्रेमी लोक इथे हमखास चुकतात. प्रत्येक फोनला दोन शेवटच्या तारखा असतात: सुटे भाग मिळण्याची आणि चिपचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, दुरुस्त होण्याची. फेअरफोन २ हे सर्वोत्तम उदाहरण. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५ सह आला. क्वालकॉमने त्याच्या स्नॅपड्रॅगन ८०१ ला अँड्रॉइड ६ च्या पुढे साथ दिली नाही, तरी फेअरफोनने स्वतःच्या कष्टाने त्याला अँड्रॉइड १० पर्यंत नेलं आणि मार्च २०२३ मध्ये शेवटचा अपडेट दिला. सात वर्षं! कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यातली कित्येक वर्षं मोडेम आणि ग्राफिक्सचं बंदिस्त फर्मवेअर जुनंच राहिलं, कारण ते दुरुस्त करणं क्वालकॉमशिवाय कुणाच्या हातात नव्हतं. वरचा रंग ताजा, आतली तुळई जुनी.

हे तुमच्या फोनवर तपासता येतं. लिनिएजओएससारख्या, अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सकोडवरून बनवलेल्या सिस्टिममध्ये ‘फोनबद्दल’ या भागात दोन तारखा दिसतात, अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच आणि व्हेंडर सिक्युरिटी पॅच. पहिली या महिन्याची आणि दुसरी दीड वर्षापूर्वीची असेल तर फोन दीड वर्ष मागे आहे असंच धरा. ग्राफीनओएस याबाबत स्पष्ट आहे. गुगलचं फर्मवेअर थांबलं की त्या मॉडेलची पूर्ण साथ संपते, नंतर मिळतं ते नवा फोन घेईपर्यंतचं तात्पुरतं ठिगळ. पिक्सेल ८ए ची ती तारीख मे २०३१, ९ए ची एप्रिल २०३२. सहाव्या फेअरफोनसाठी कंपनी २०३३ सांगते. कागदावर फरक फार नाही. पण पिक्सेलला पॅच महिन्याच्या महिन्याला येतात आणि फेअरफोनला ते मागून येतात, आणि ज्या फटींचा वापर आधीच सुरू झालेला असतो त्यांच्या बाबतीत ही दिरंगाईच नडते.

फेअरफोनवर खासगीपणासाठी काय टाकावं? कॅलिक्सओएस फेअरफोन ४ आणि ५ वर चालायची आणि नंतर बूटलोडर पुन्हा बंदही करता यायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे अपडेट थांबवण्यात आले आणि वापरणाऱ्यांना ती काढून टाकण्याचा सल्ला दिला गेला. डिव्हेस्टओएस डिसेंबर २०२४ मध्ये संपली. उरलेल्यांत ठळक ती ई-ओएस. ती लिनिएजवर बेतलेली आहे, गुगल प्लेच्या जागी मायक्रोजी वापरते, आणि मुरेना कंपनी ती आधीच टाकलेले फेअरफोन विकते. ई-ओएसकडून काय मिळतं याबद्दल गैरसमज फार आहेत. तुमच्या हालचाली गुगलकडे जाणं ती खूप कमी करते. फोन जप्त झाला किंवा कुणी मुद्दाम लक्ष्य केलं, तर कुलूप मात्र फेअरफोनचं मूळचं तेवढंच, आणि पॅच आणखी थोडे उशिरा. जाहिरातवाल्यांचा वैताग आहे, त्याला ती पुरते. पत्रकाराने तिच्यावर विसंबू नये.

स्वतः टाकणार असाल तर फोनची वीट होण्याच्या, म्हणजे तो सुरूच न होण्याच्या, दोन जागा लक्षात ठेवा. फेअरफोनच्या संकेतस्थळावर आयएमईआय आणि सिरियल नंबर देऊन कोड घ्यायचा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, मग फास्टबूटमधून, म्हणजे संगणकावरून केबलने फोनला आदेश देण्याच्या साधनातून, ‘फ्लॅशिंग अनलॉक’ आणि ‘फ्लॅशिंग अनलॉक क्रिटिकल’ असे दोन आदेश द्यायचे. दोन्ही वेळा फोन पूर्ण पुसला जातो. इथवर धोका नाही. धोका परत कुलूप लावताना आहे. आधी पॅचची तारीख जुळवा: फोनवर मूळ अँड्रॉइडचा ऑगस्टचा पॅच होता आणि तुम्ही टाकलेली इमेज (सिस्टिमची फाइल) जुलैची आहे, अशा स्थितीत बूटलोडर बंद केला तर मागे जाण्याला असलेली बंदी आडवी येते आणि फोन सुरूच होत नाही. नव्या तारखेची इमेज येईपर्यंत थांबा, घाई करू नका. दुसरं, कुलूप लावण्याआधी फास्टबूटला ‘गेट अनलॉक ॲबिलिटी’ विचारा, हे तीन शब्द अंडरस्कोअरने जोडून. उत्तर १ आलं तरच पुढे जा. ० आलं तर फोन तसाच उघडा सुरू करा, ओईएम अनलॉकिंग पुन्हा चालू करा आणि परत विचारा. ० असताना बंद केलेला फोन काही कारणाने सुरू झाला नाही, तर तो उघडण्याचा घरगुती मार्ग उरत नाही.

पिक्सेलवर ग्राफीनओएस टाकणं त्या मानाने निवांत काम आहे. क्रोमियम जातीच्या ब्राउझरमधून वेब इन्स्टॉलर, साधारण सात-आठ बटणं. अडतं ते जवळजवळ नेहमी केबलवर. नुसती चार्जिंगची केबल, यूएसबी हब किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा सैल पोर्ट. विंडोजवर फोन फास्टबूटमध्ये दिसत नसेल तर विंडोज अपडेटच्या ऐच्छिक अपडेटमध्ये ड्रायव्हर सापडतो. लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी ही सेवा मध्येच फोनशी बोलायला जाते, ती तेवढ्यापुरती थांबवा. शेवटी बूटलोडर बंद, ओईएम अनलॉकिंग बंद आणि डेव्हलपर ऑप्शन्सही बंद. आपल्याकडची अनेक बँक-ॲप डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले तरी उघडायला नकार देतात, आणि लोक खापर ग्राफीनओएसवर फोडतात.

बँकेचा विषय निघालाच आहे तर. फोनची सिस्टिम विश्वासार्ह आहे का हे ॲपला सांगणाऱ्या गुगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत ग्राफीनओएस फक्त मूलभूत पायरी ओलांडते, वरच्या दोन नाही, कारण त्या गुगलने प्रमाणित केलेल्या सिस्टिमलाच मिळतात. ज्या बँकेला वरची पायरी हवी तिचं ॲप चालणार नाही, सुरक्षा कितीही जास्त असो. फेअरफोनच्या मूळ अँड्रॉइडवर हा प्रश्न येत नाही. युरोपात फोन टेकवून पैसे देणाऱ्यांसाठी हे ठळक, कारण गुगल वॉलेटचं टॅप करून पैसे देणं ग्राफीनओएसवर चालत नाही. भारतात क्यूआर कोडमुळे तेवढं अडत नाही, पण प्रत्येक बँकेचं ॲप वेगळं वागतं. एखादं उघडताच बंद पडलं तर त्या ॲपच्या माहितीत जाऊन ‘एक्सप्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड’ चालू करून पाहा. कित्येकदा दोष बँकेच्या ॲपमधल्या मेमरीच्या चुकीचा असतो आणि कडक सिस्टिम ती पकडते.

दुरुस्ती आणि खासगीपणा एकमेकांच्या अंगावर येतात ती जागा फारशी चर्चेत नसते: फुटलेली स्क्रीन. टच गेलेल्या साध्या फोनला लोक ओटीजीने माउस जोडतात, पिन टाकतात आणि फोटो वाचवतात. ग्राफीनओएसमध्ये लॉक असताना यूएसबी पोर्टवर नवी जोडणी होतच नाही, फक्त चार्जिंग. हे चोरासाठी आणि फोन फोडणाऱ्या यंत्रांसाठी ठेवलेलं आहे, पण फोन फरशीवर पडला की त्या रांगेत तुम्हीही उभे असता. सेटिंगमध्ये ‘लॉक असताना फक्त चार्जिंग, पहिल्या अनलॉकआधी सोडून’ असा एक पर्याय आहे. तो ठेवला तर फोन रीस्टार्ट करून यूएसबी कीबोर्डने पिन टाकता येतो. पिक्सेल ८ पासून यूएसबीतून चित्र बाहेर मॉनिटरवरही काढता येतं, त्यामुळे पूर्ण काळी स्क्रीनसुद्धा निभावते. ज्याला जप्तीपेक्षा पडझडीची भीती जास्त त्याने हा पर्याय निवडावा, आणि आज निवडावा. स्क्रीन गेल्यावर सेटिंगपर्यंत पोहोचता येत नाही. फेअरफोन ५ वर नवा फोल्डर बसवला की विषय मिटतो. सहाव्या पिढीत मात्र पोर्ट यूएसबी २.० झाल्याने चित्र बाहेर काढायची सोय गेली.

यातच फेअरफोनची खरी खासगी बाजू लपलेली आहे. फोन दुकानात टाकला की ‘टेस्टिंगसाठी पिन द्या’ म्हणतात आणि आपण कागदावर लिहून देतो. जगातली कुठलीही टायटन चिप त्या कागदापुढे हतबल आहे. ज्याचा फोन घरच्या टेबलावर दुरुस्त होतो त्याला ही वेळ येत नाही. पिक्सेलवाल्याने दुकानात जाण्याआधी ग्राफीनओएसमधल्या सीडव्हॉल्ट या सोयीने बॅकअप घ्यावा, त्याचे १२ शब्द कागदावर असल्याची खात्री करावी, फोन पुसावा आणि मगच द्यावा. सीडव्हॉल्ट सगळ्या ॲपचा डेटा घेईलच असं नाही. सिग्नलसारख्या ॲपचा बॅकअप वेगळा काढायचा. परत आल्यावर ग्राफीनओएसच्या ऑडिटर ॲपने सिस्टिममध्ये फेरफार झालेला नाही ना हे तपासावं. फोन पुसला असल्याने ऑडिटरची जोडणी नव्याने करावी लागते.

कुणी काय घ्यावं? युरोपात राहणाऱ्यांसाठी निवड खरी आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना, म्हणजे पिक्सेललाही, मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षं सुटे भाग देणं बंधनकारक झालं. त्यामुळे पिक्सेलची दुरुस्तीची बाजू पूर्वीइतकी लंगडी नाही. फेअरफोनची कुलपाची बाजू तेवढी सुधारलेली नाही. माझा कल म्हणूनच पिक्सेलकडे: गोंद कुशल हाताला सुटतो, नसलेली चिप कुणालाच बसवता येत नाही. पण ज्याचा खासगीपणाचा प्रश्न जाहिरातींपुरता आहे आणि जो फोन वर्षातून दोनदा पाडतो, त्याने फेअरफोन घ्यावा.

भारतात फेअरफोन अधिकृतपणे विकलाच जात नाही. नातेवाइकांकडून मागवला तर पुढचा प्रत्येक सुटा भागही तसाच मागवावा लागेल, म्हणजे दुरुस्तीचा फायदा सुटकेसच्या भरवशावर. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, पण पोर्टल म्हणजे माहितीचा फलक, युरोपसारखं बंधन नव्हे. एचएमडी स्कायलाइन २०२४ मध्ये इथे आला, एक स्क्रू फिरवून पाठ उघडते, पण बूटलोडर उघडायची अधिकृत सोय नाही. म्हणजे स्क्रू मिळाले, सिस्टिम कंपनीचीच.

म्हणून इथे बहुतेकांची गाडी जुन्या पिक्सेलवर येऊन थांबते. ६ए स्वस्त दिसला तरी टाळा. जास्त तापण्याच्या भीतीने गुगलने जुलै २०२५ मध्ये त्याच्यासाठी ४०० चार्ज-फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता कमी करणारा अपडेट काढला. ८ए पाहा, म्हणजे मेमरी टॅगिंगही मिळतं. विकणाऱ्यासमोरच फोन रीसेट करा, वायफायला जोडा आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंगचं बटण सरकवून पाहा. इंटरनेटशिवाय ते कधीकधी करडं दिसतं, म्हणून वायफाय आधी. वायफाय जोडूनही करडंच राहिलं तर फोन बहुधा परदेशातल्या एखाद्या मोबाइल कंपनीने कुलूपबंद करून विकलेला आहे. त्यावर ग्राफीनओएस चढणार नाही, पैसे देऊ नका. बटण सरकलं तर मग स्क्रीनवर बोट लावून ठसा नोंदवून पाहा. ठसा घेत नसेल तर फोल्डर बहुधा बदललेला आहे, आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.